स्टेशन येण्याआधीची जमीन

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटच्या माणसाला मुंबईस किंवा नागपुरास जावयाचे झाले, तर आजही त्याला आधी बुलढाणा गाठावे लागते, तेथून राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर, आणि मग आगगाडी. जिल्ह्याचे मुख्य ठाणेच जेथे रेल्वेला पारखे, तेथे पैनगंगेच्या उगमाकडील या गावाने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? रेल्वेची मागणी या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. निवडणूक जवळ आली की तिला पालवी फुटते. मात्र गाडी आल्यावर स्टेशनाभोवतीच्या जमिनीचे काय होणार, हा प्रश्न निवेदनांतून सहसा आढळत नाही. खरा कळीचा प्रश्न तोच आहे.

रेल्वे गावे कशी घडवते हे पाहण्यास घाटाखाली उतरले तरी पुरे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला, तो वऱ्हाडात पूर्णेच्या सपाट काळ्या खोऱ्यातून. रुळांना चढ मानवत नाही, आणि कंपनीला हवा असलेला कापूसही तेथेच पिकत होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले होते. खामगावची कापूसपेठ त्या काळी एवढी मातब्बर, की मुख्य मार्गापासून ती बाजूला राहताच जलंबपासून सुमारे 13 किलोमीटरचा फाटा खास तिच्यासाठी टाकण्यात आला. 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. खामगावात सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, अडते आले, मजुरांची वस्ती वाढली.

जलंब मात्र जंक्शन होऊनही लहानसे गावच राहिले. गाडी थांबली की शहर उभे राहते, ही भाबडी समजूत जलंबने केव्हाच खोटी ठरवली आहे. तेथे गाडी बदलत असे, माल बदलत नसे. शेगावात उलट घडले. 1910 साली गजानन महाराजांनी समाधी घेतली आणि पुढे मुख्य मार्गावरचे स्टेशन हेच यात्रेकरूंचे प्रवेशद्वार ठरले. धर्मशाळा, खाणावळी, दुकाने यांनी गाव वाढत गेले. म्हणजे रूळ शहर निर्माण करीत नाहीत. जेथे माणसाला उतरण्याचे कारण असते, तेथे ते त्या कारणाला बळ देतात. घाटमाथ्यावरच्या, बैलांच्या तांड्यांवर चालणाऱ्या जुन्या वाहतुकीचे बळ मात्र या रुळांनी काढून घेतले.

आता दोन नव्या मार्गांची चर्चा आहे. जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. तो भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जाईल. दुसरा, शतकभराच्या मागणीचा, खामगाव-जालना मार्ग चिखली आणि देऊळगाव राजावरून जावा अशी कल्पना आहे. एक पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. देऊळघाट दोहोंच्या मधोमध. तरीही दुसरा मार्ग झाला तर या गावाचे स्टेशन मलकापूरऐवजी चिखली होईल, आणि चिखलीची जमीन कोणाच्या हाती जाते याच्याशी देऊळघाटच्या शेतमालाचा व कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा थेट संबंध येईल.

साधा रस्ता आपल्या दोन्ही अंगांना दुकानांची आणि प्लॉटांची लांबच लांब माळ लावतो. रेल्वे तसे करीत नाही. तिचे मोल स्टेशनापाशी एकवटते. म्हणूनच नकाशावर स्टेशनाचा ठिपका पडण्याआधीच त्या ठिपक्याचा वास दलालाला लागतो. शेतकरी एकरावर विकतो, पुढचा माणूस चौरस फुटावर. मधला नफा रेल्वेलाही मिळत नाही आणि नगरपालिकेलाही नाही.

हे टाळता येते, याचा दाखला याच राज्यात आहे. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत जमीन आधी घेतली, गाडी नंतर आणली. 1992 मध्ये वाशीला पोचलेल्या मार्गाच्या खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोने उचलला, 33 टक्के रेल्वेने; वाढलेल्या जमिनीच्या किमतीतून रूळ उभे राहिले. जपानमध्ये ओसाकाजवळ एका खाजगी रेल्वे कंपनीने 1910 पासूनच रुळांलगत घरे बांधून ती हप्त्यांनी विकली होती. पण नवी मुंबईची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्यांच्या भातशेतीवर हे नगर बसले त्यांना न्याय्य वाट्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले. जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले.

चिखलीसारख्या ठिकाणी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे: जमिनी एकत्र आखायच्या, रस्ते आणि बाजारासाठी भाग काढायचा, आणि उरलेला भूखंड मूळ मालकालाच परत द्यायचा. ही आखणी स्टेशनाची जागा ठरते त्याच वेळी झाली तरच तिला अर्थ. सातबारावरची नावे बदलल्यानंतर तीच योजना दलालांच्या सोयीची होते. आज तरी मागणी चालली आहे ती फक्त रुळांची. सोयाबीन-कापसाच्या गोदामांना आणि देऊळघाटहून येणाऱ्या एस. टी.ला स्टेशनाबाहेर जागा कोठे राखायची, याचा विचार मागणीपत्रांच्या त्या जाड फायलीत कोठेच नाही.