हवाई अंतर व प्रवासकाल
हवाई अंतर व प्रवासकाल : दोन विमानतळांमधील पृथ्वीपृष्ठावरील लघुतम मार्गाच्या लांबीस हवाई अंतर व तो मार्ग विमानाने कापण्यास लागणाऱ्या अवधीस प्रवासकाल म्हणतात. अंतर भूमितीने ठरते व बदलत नाही. प्रवासकाल मात्र वारा, विमानाचा वेग आणि मोकळे असलेले आकाश यांनुसार बदलतो. त्यामुळे वेळापत्रकातील तासांवरून अंतर काढणे फसवे ठरते. मुंबई–लंडन हा मार्ग याचे चांगले उदाहरण होय.

पृथ्वीच्या मध्यातून जाणारे प्रतल तिच्या पृष्ठास ज्या वर्तुळात छेदते, त्यास बृहद्वृत्त म्हणतात. लघुतम मार्ग त्याचाच कंस असतो. मुंबई व हीथ्रो या विमानतळांमधील कंस पृथ्वीच्या मध्याशी सु. ६४.९° चा कोन करतो. एका कलेस एक सागरी मैल (१.८५२ किमी.) धरल्यास अंतर सु. ७,२०० किमी. येते. मर्केटर प्रक्षेपाच्या नकाशावर सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षात सु. ७,४०० किमी. भरते, तर खरा लघुतम मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. तो कराचीजवळून इराण, कॉकेशस, क्रिमिया व युक्रेन यांवरून जर्मनीकडे जातो.

हा मार्ग जसाच्या तसा क्वचितच मिळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी वळसा घ्यावा लागून अंतर, इंधन व वेळ ही तिन्ही वाढतात.

वाऱ्याचा परिणाम याहून नित्याचा आहे. मध्य अक्षवृत्तांत सु. १० किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात व हिवाळ्यात ते अधिक प्रबळ असतात. हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किमी. वेगाच्या विमानास सरासरी ८० किमी. वेगाचा वारा समोरून आल्यास ७,२०० किमी. साठी सु. ८ तास ४७ मिनिटे, तर पाठीमागून आल्यास ७ तास २१ मिनिटे लागतात. जाता-येता हे हिशेब समसमान फिटत नाहीत : दोन्ही फेऱ्या मिळून १६ तास ८ मिनिटे होतात, निर्वात हवेत त्या १६ तासांत झाल्या असत्या. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा सर्व काळ वेळापत्रकात धरतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, आरोहण आणि हीथ्रोवर गर्दीमुळे आकाशात घालावे लागणारे फेरे त्यात येत असल्याने, लंडनला जाताना सु. १० व परतताना सु. ९ तास लागतात. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले होते.

घड्याळातील फरक हा प्रवासकाल नव्हे. लंडनची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ५ १/२ तास (उन्हाळ्यात ४ १/२ तास) मागे असते. मुंबईहून पहाटे २ वाजता निघून १० तास उडालेले विमान हिवाळ्यात लंडनला सकाळी ६.३० वाजता उतरते. परतीच्या ९ तासांत मात्र स्थानिक घड्याळ १४ १/२ तास पुढे गेलेले असते.