‘होय’ या उत्तराची किंमत

वाहन चालविण्याचा परवाना मागणाऱ्यास आपल्या शारीरिक क्षमतेविषयी नमुना १ मध्ये घोषणा करावी लागते. अपस्मार आहे काय, किंवा कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपते अथवा भोवळ येते काय, असा प्रश्न तीत आहे. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यावयाचे. शेवटची फिट केव्हा आली, औषध नियमित चालू आहे काय, याची चौकशी नाही. पाच वर्षांत एकदाही फिट न आलेला शिक्षक आणि गेल्याच आठवड्यात रस्त्यावर कोसळलेला तरुण, दोघांनाही हा प्रश्न एकाच पंक्तीत बसवितो.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाची भाषा वस्तुतः याहून विवेकी आहे. ज्या आजारामुळे अर्जदाराचे वाहन चालविणे जनतेस धोकादायक ठरण्याचा संभव असेल, त्या आजाराच्या कारणाने परवाना नाकारावा, असे कलम ८ सांगते. म्हणजे कायद्याचा रोख धोक्यावर आहे, तर नमुन्याचा रोगाच्या नावावर. तथापि, किती काळ फिट आली नाही म्हणजे धोका टळला असे मानावे, याचे माप अधिनियमानेही दिलेले नाही.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात या त्रुटीची झळ सहज कळते. येथे वाडीवस्तीवरून शाळा, बाजार वा कचेरी गाठावयाची तर दुचाकीवाचून अडते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. अशा ठिकाणी ‘होय’ लिहिणाऱ्याच्या पदरी नकार पडतो आणि ‘नाही’ लिहिणाऱ्यास परवाना मिळतो. ज्या वर्तनाची किंमत वाढते ते वर्तन घटते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. येथे सत्य बोलणेच महाग झाले आहे. मग आजार कचेरीपासून लपतो, मालकापासून लपतो आणि पुष्कळदा डॉक्टरपासूनही लपतो.

याचा अर्थ रुग्णाविषयीच्या सहानुभूतीने सर्वांना परवाने वाटावेत असा नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन दहा सेकंदांत दीडशे मीटरांहून अधिक अंतर कापते. तेवढा वेळ चालकाची शुद्ध हरपली, तर शिर्डीच्या वाटेने पायी निघालेल्या भाविकांचा काय अपराध? जागरण आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची नेहमीची कारणे होत; रात्रपाळीच्या चालकास ती दोन्ही गाठतात.

ब्रिटनने यावर कालमर्यादेचा तोडगा काढला आहे. मोटारीसाठी सामान्यतः एक वर्ष फिट आलेली नसावी. बस व मालट्रक यांसाठी मात्र औषधाविना दहा वर्षे फिट आलेली नसावी. वाहन जितके अवजड आणि त्याचा चालक जितके तास रस्त्यावर, तितकी अट कडक. योग्य उपचार मिळाल्यास सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कालमर्यादा ठरविली, तर उपचार घेण्यासही एक कारण मिळेल.

कायदा बदलू शकतो, हेही अनुभवास आले आहे. हिंदू विवाह अधिनियमातील अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला. तसेच येथेही करता येईल. नमुन्यात शेवटच्या फिटची तारीख विचारावी, तज्ज्ञाचा दाखला घ्यावा, ठराविक मुदतीने फेरतपासणी करावी आणि अवजड वाहनांसाठी निराळी, कठोर अट ठेवावी. ज्याचे चालकाचे काम सुटेल, त्यास कारखान्याने वा मालकाने दुसरे काम द्यावे. भाकरीची हमी नसेल तर तोही गप्पच राहील.

तोवर ज्यास अलीकडे फिट आली आहे त्याने डॉक्टरांनी होकार देईपर्यंत वाहन हाती घेऊ नये, हे उघड आहे. परंतु हा संयम त्याच्याकडून अपेक्षिताना, खरे बोलल्यावर त्याची वाट कायमची बंद होणार नाही, एवढे आश्वासन शासनाने त्यास दिलेच पाहिजे.