पहिल्या आजारपणाचे सामान

महाविद्यालयीन प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की नव्या सांगवीत आणि शेजारच्या पिंपळे गुरवमध्ये ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ अशा पाट्या जागोजागी दिसू लागतात. गणेशखिंडचे विद्यापीठ, औंधमधली महाविद्यालये, सांगवीतलेच बाबुरावजी घोलप महाविद्यालय आणि पिंपरी-निगडीकडच्या अभियांत्रिकी संस्था येथून बसच्या टप्प्यात आहेत. त्यामुळे लातूर, बीड, जळगाव, सोलापूरकडची मुले-मुली येथे येऊन राहतात. कोणी वसतिगृहात, तर कोणी तिघा-चौघांच्या भाड्याच्या खोलीत.

या मुलांसोबत येणारे सामान पाहिले, तर ते प्रेमाने भरलेले असते. मात्र बहुधा घराच्या अंदाजाने भरलेले असते. दोन पिशव्या खाऊच्या, एक कपड्यांची, नवे ब्लँकेट, नवी चादर. पुढे पावसाळ्यातच कधीतरी मुलाला ताप येतो. रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि आई तीनशे किलोमीटरवर असते. खोलीत थर्मामीटर नसतो, उकळलेले पाणी नसते आणि आपला रक्तगट कोणता हे त्याला सांगता येत नाही. सामान भरायचे ते या रात्रीचा विचार करून.

आरंभ पाण्यापासून करावा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला आणि पुढे पवना धरण भरले तरी तो शिरस्ता वर्षानुवर्षे चालू राहिला. म्हणजे खोलीत पाणी साठवणे आले, आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. म्हणून घट्ट झाकणाच्या दोन बादल्या, दांडीचा तांब्या किंवा ओगराळे आणि भांडी घासण्याची एक कडक घासणी, या वस्तू चादरीइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात. घासणी कशासाठी, असा प्रश्न पडेल. एडिसची अंडी बादलीच्या आतल्या बाजूस पाण्याच्या रेषेजवळ चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, बादली घासून उपडी वाळवली की हे चक्र तुटते.

पिण्याच्या पाण्याबाबत पुणेकरांना अलीकडेच कटू अनुभव आला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. पाण्याला खळखळून उकळी आली की असे जिवाणू मरतात. त्यासाठी विजेची किटली सोयीची. पण अनेक वसतिगृहांत तिला मनाई असते, म्हणून आधी विचारून घ्यावे. मनाईमागे कारण आहे. पंधराशे वॅटची किटली २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते, तर भिंतीवरचा लहान प्लग सहा अँपिअरचा असतो. त्यात बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर किटली आणि इस्त्री एकदम लावली की वायर तापते आणि आगीला निमित्त मिळते. किटली मोठ्या, सोळा अँपिअरच्या प्लगवरच लावावी. पाणी तापवण्याचा रॉड मात्र शक्य तो देऊच नये.

आता औषधांचा डबा. तो लहान असावा आणि त्यातील प्रत्येक वस्तू कशाची हे मुलाला ठाऊक असावे. डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची चार पाकिटे, जखमेसाठी पट्ट्या व जंतुनाशक मलम, आणि मुलाला दमा, अपस्मार, थायरॉइड यांसारखा आजार असल्यास महिनाभराचे नेहमीचे औषध. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाबरोबर असावी. घरातल्या फडताळात उरलेल्या अँटिबायोटिकच्या अर्ध्या स्ट्रिपा यात टाकण्याचा मोह अनेक मातांना होतो, तो आवरावा.

पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांपासून दूर राहावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. याहून महत्त्वाची गोष्ट मुलाबरोबर त्याच्या खोलीतल्या सोबत्यांनाही सांगून ठेवावी. डेंग्यूतील कठीण काळ पुष्कळदा ताप उतरल्यावर सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप गेला, पण पोटात तीव्र दुखते आहे, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, मुलगा निपचित पडून आहे, असे दिसले तर ‘बरा होतोय’ म्हणून झोपू देऊ नये, लगेच रुग्णालय गाठावे. सांगवी फाट्यानजीक औंधचे जिल्हा रुग्णालय आहे आणि पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. या दोहोंचे रस्ते मुलाला सोडायला गेलेल्या दिवशीच एकदा पाहून यावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८.

ओआरएसबद्दल थोडे अधिक. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या या द्रावणाने असंख्यांचे प्राण वाचवले. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचे असते. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकून प्यायल्याने प्रमाण बिघडते. बाजारातील गोड पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी घेताना पाकीट वाचण्याची सवय लावावी.

सांगवी मुळा आणि पवना या नद्यांच्या कुशीत वसलेली. नदीवर जलपर्णी माजली की संध्याकाळी डासांचे थवे येतात. हे बहुतांशी क्युलेक्स डास, रात्री चावणारे. त्यांच्यासाठी एका खाटेची मच्छरदाणी उत्तम. एडिस मात्र दिवसा चावतो, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे दोन सुती सदरे आणि अंगाला लावण्याचे डासरोधक मलमही द्यावे. बंद खोलीत डासांची कॉइल जाळणे छातीला बरे नव्हे.

कपड्यांबद्दल लिहिण्यासारखे एवढेच की अंतर्वस्त्रे व मोजे घरच्यापेक्षा दुप्पट द्यावेत. पावसाळ्यात ते वाळत नाहीत आणि ओलसर कपड्यांतून नायटा होतो. टॉवेल दोन, आणि ते कोणाला वापरायला द्यायचे नाहीत. नायट्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की खाज दोन दिवस थांबते आणि नायटा पसरतो. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवावे. गादी तेथलीच असेल तर पहिल्या दिवशी शिवणी उसवून नव्हे, पण उलगडून पाहाव्यात. ढेकणांचे काळे ठिपके तेथेच दिसतात.

खाऊ हवाच. पूर्वी तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांना एसटीने घरचा डबा येत असे. आता शेंगदाण्याची व कारळाची चटणी, फुटाणे, गूळ, खजूर घट्ट झाकणाच्या डब्यांत द्यावे. मेसचा नाश्ता चुकला तर वडापावऐवजी हात त्याकडे जाईल. लाडू पहिल्या रात्रीच खोलीत वाटले जातात. ते योग्यच आहे, त्या हिशेबाने जास्त द्यावेत. पुढे ताप आल्यावर उशाशी बसणारे हेच सोबती.

एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड करावे. त्यावर रक्तगट, औषधांची ॲलर्जी, चालू औषधे, दोन नातेवाइकांचे क्रमांक आणि विमा असल्यास त्याचा क्रमांक लिहावा. त्याची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी, म्हणजे मोबाइल बंद पडला तरी सोबत्याला सापडेल. सोळाव्या वर्षीची टीडी लस झाली आहे का, कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, कारण सामायिक खोलीत कांजिण्या झपाट्याने पसरतात. कार्डाच्या मागील बाजूस १४४१६ लिहावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा या क्रमांकावर अहोरात्र मिळते. घरची आठवण येऊन दोन-तीन आठवडे झोप उडणे स्वाभाविक आहे. परंतु मूल जेवणे सोडू लागले, वर्गात जाईनासे झाले, फोनवर ‘हो’, ‘नाही’ एवढेच बोलू लागले, तर तो आळस समजू नये. हा क्रमांक कशाचा, हे मुलाला आणि मुलीलाही आधीच, घरात जेवताना बोलावे तितक्या सहजपणे सांगावे.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस मुलालाच थर्मामीटर लावून आकडा वाचायला सांगावे, एक लिटर ओआरएस करायला लावावे, बादली घासायला द्यावी. त्यानंतर पिशवी त्याने स्वतः भरावी. आईने भरलेल्या पिशवीतले क्रेप बँडेज कोणत्या कप्प्यात आहे, ते मुरगळलेल्या पायाने शोधत बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.