दुष्काळी चांदवडचा दत्तू नौकानयनात कसा पोहोचला?

व्यक्तिमत्त्व विकासाचे सल्ले सगळ्यांना सारखेच: पहाटे उठा, ध्येय लिहून काढा. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचे तसे नव्हते. वडिलांसोबत विहिरी खोदणारा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला. नौकानयन त्याच्या स्वप्नातही नव्हते. सहा फुटांहून अधिक उंची पाहून प्रशिक्षकांनी त्याच्या हाती वल्हे दिले. हात-पाय लांब असले की वल्ह्याचा प्रत्येक फटका लांब बसतो, एवढे साधे गणित. अडचण एकच, आणि तीही नेमकी: त्याला पाण्याची भीती वाटे! सरावाने ती गेली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तो १३ वा आला; २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक जिंकले.