सरकारी नोकरी, अर्धवेळ डेटा ॲनालिटिक्स आणि ऑफिसातले आकडे

सरकारी नोकरी सांभाळून डेटा ॲनालिटिक्स शिकणारे आणि पुढे अर्धवेळ पीएच.डी. करू पाहणारे बरेच जण पहिला प्रश्न विचारतात, "पायथन शिकू की आर?" खरं सांगायचं तर काहीही शिका. कोर्सेसची आता कमतरता नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला, स्वयम आणि एनपीटीईएल आहेतच. जो कोर्स तुमच्या ड्युटीच्या वेळात बसेल तो घ्या. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तुमच्या टेबलावरून रोज जे आकडे जातात ते कसे तयार होतात, हे तुम्हाला माहीत असतं. कुठल्याच कोर्समध्ये ते शिकवत नाहीत.

आरोग्य विभागाचं उदाहरण घेऊ. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशा प्रत्येक ठिकाणाहून दर महिन्याला एचएमआयएसमध्ये आकडे भरले जातात. समजा, एका केंद्राच्या हद्दीत वर्षाला ४०० बाळं अपेक्षित आहेत आणि लस मिळाली ४३० बाळांना. म्हणजे लसीकरण १०७.५ टक्के! कोर्समधला विद्यार्थी काय करेल? ही ओळ 'आउटलायर' म्हणून काढून टाकेल, नाहीतर सरळ १०० करून टाकेल. तुम्ही तसं करू नका.

कारण ४०० हा मोजलेला आकडाच नाही, तो अंदाज आहे. शेवटची जनगणना २०११ ची, २०२१ ची पुढे ढकलली गेली. त्यामुळे छेदातली लोकसंख्या जुन्या आकड्यांवरून पुढे ढकलत आणलेली असते. शिवाय अंशात कोण मोजलं जातं? त्या केंद्रात आलेली बाळं, मग त्यांचं घर कुठेही असो. आता आपल्याकडची रीत आठवा, पहिलं बाळंतपण माहेरी. बाईची नोंदणी सासरच्या केंद्रात होते आणि प्रसूती माहेरच्या तालुक्यात. सासरच्या केंद्रात 'नोंदणी जास्त, प्रसूती कमी' दिसते आणि तिथल्या आरोग्य सेविकेला मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागतं. बाई गायब झालेली नसते, फक्त दुसऱ्या रकान्यात गेलेली असते.

ऊसतोडीचंही तेच. दिवाळीच्या आसपास बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. कागदावरची लोकसंख्या मात्र गावातच राहते.

रिकाम्या रकान्याचं तर विचारूच नका. एखाद्या महिन्यात तपासण्यांचा रकाना रिकामा असेल तर त्याचे किमान तीन अर्थ निघतात. कुणी आलंच नाही, यंत्र बंद होतं, किंवा माहिती भरायची राहिली. पायथनमध्ये एका ओळीत सगळे रिकामे रकाने शून्याने भरता येतात, आणि त्या एका ओळीत हे तिन्ही अर्थ पुसले जातात. (खर्चाच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांनी 'मार्च एंड' आठवावा. तिथला उंच डोंगर हा गरजेचा नसतो, निधी परत जाऊ नये म्हणून झालेल्या धावपळीचा असतो.)

आता यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? 'मशीन लर्निंग वापरून लसीकरणाचा अंदाज' हा विषय मला फारसा पटत नाही. छेदच डळमळीत असेल तर अंदाज कशाचा लावणार? त्यापेक्षा विचारा : ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या जिथून निघतात त्या तालुक्यांत सेवांचे आकडे किती घसरतात, आणि जिथे पोचतात तिथे तेवढे वाढतात का? वाढत नसतील तर मधली बाळं आणि गरोदर बाया सेवेबाहेर राहिल्याची शक्यता आहे. हा प्रश्न खरा आहे. पण नुसती घसरण दाखवून भागणार नाही, कारण जन्मांचं प्रमाणही महिन्यागणिक बदलतं. म्हणून जिथून स्थलांतर होत नाही असे तालुकेही तुलनेला घ्या आणि दोन्ही गटांच्या घसरणीतला फरक बघा. यालाच 'डिफरन्स-इन-डिफरन्सेस' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मूळ कल्पना वजाबाकीची.

परवानगीचं काय? रोज हाताळता म्हणून तो डेटा तुमचा होत नाही. लॉगिन कामासाठी दिलेलं असतं, प्रबंधासाठी नाही. पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन घरी जाणं हा तर विषयच नको. कुठले रकाने, किती वर्षांचे, नावं आणि मोबाइल नंबर वगळून, असा लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडेही जा. आधीच गोळा झालेला डेटा असला तरी सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, आपण नाही. निष्कर्ष आपल्याच ऑफिसला अडचणीचे निघू शकतात, म्हणून हे कागद आधी हवेत.

आणि बदली! राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात एका पदावरचा सामान्य कालावधी ३ वर्षांचा आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला लागतात कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, आणि वर हवी तर मुदतवाढ. म्हणजे प्रबंध अर्ध्यावर असताना खुर्ची बदलणार हे जवळपास गृहीत धरा. मुख्य विश्लेषण खुर्चीवर अवलंबून नसलेल्या डेटावर उभं करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा रीतसर नोंदणी करून मिळतो, आणि तिथे बाईला घरी जाऊन विचारलेलं असतं, त्यामुळे माहेर-सासरचा घोळ बराच कमी होतो. ऑफिसचा डेटा त्याच्या जोडीला ठेवा.

त्याच २०२२ च्या नियमांत अर्धवेळ उमेदवारासाठी ना-हरकत प्रमाणपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात : अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. आस्थापना शाखा बहुतेक वेळा पहिलं वाक्य लिहून सही करून देते. तिसरं वाक्य सगळ्यात अवघड, साहेब तिथेच पेन थांबवतात. मसुदा स्वतः टाइप करून न्या, तिन्ही वाक्यांसकट, आणि प्रवेशाची तारीख यायच्या दोन महिने आधी न्या.