पुण्यश्लोक : राज्यकर्तीचे संतपण

मढ ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळातील यज्ञांची आणि दानांची यादी कोरली आहे : गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे, सारे आकड्यांनिशी. एवढे दान होऊनही नागनिकेला कुणी संत मानले नाही. चोंडीला १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर मात्र 'पुण्यश्लोक' झाल्या. असे का व्हावे?

युरोपात या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळते. जर्मनीचा राजा, पुढे सम्राट झालेला दुसरा हेन्री १०२४ मध्ये वारला. त्याने १००७ मध्ये स्थापलेल्या बाम्बेर्गच्या धर्मपीठाने त्याची स्मृती जपली आणि ११४६ मध्ये पोप तिसरा यूजीन याने त्याला संत घोषित केले. ख्रिस्ती पोलंडविरुद्ध त्याने मूर्तिपूजक टोळ्यांशी हातमिळवणी केली होती. संतचरित्रात हे राजकारण झाकले गेले.

आपल्याकडे अशी घोषणा करणारे पीठ नाही. इथे संतपण लोकांच्या तोंडून ठरते. अहिल्याबाईंच्या बाबतीत ते कसे ठरले, याचा धागा मला खासगीच्या हिशेबात दिसतो. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर लावून देण्यात आली. दौलतीचा पैसा फौजेला आणि कारभाराला. खासगीचा घरच्या स्त्रीच्या हाती. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि तिच्यातून मंदिरे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी राहिली. काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये, सोमनाथाचे नवे मंदिर १७८३ मध्ये, गयेचे विष्णुपद १७८७ मध्ये. यांतले एकही ठिकाण होळकरांच्या मुलखात नव्हते. ज्यांच्याकडून एक पैसा सारा घेतला नाही, त्या यात्रेकरूंना सावली आणि पाणी मिळाले. यज्ञातली दक्षिणा घेणाऱ्याच्या घरी जाते. घाटाच्या पायऱ्या रोज कुणीतरी उतरते. तेच लोक नाव गावोगाव घेऊन गेले.

पण संतपणाची एक किंमत असते. हातात शिवपिंडी घेतलेल्या मूर्तीमागे १७६७ ते १७९५ असा अठ्ठावीस वर्षांचा कारभार दिसेनासा होतो. याच बाईंनी रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड मोडले. वाटा लुटणाऱ्या भिल्लांना आधी जरब बसवली, मग मालावर 'भिलकवडी' घेण्याचा त्यांचा हक्क मान्य करून वाटांची राखण त्यांच्यावरच सोपवली. पती, सासरे, मुलगा गेल्यावर राज्य असे चालवणे हे केवळ भक्तीचे काम नव्हे.

म्हणून मला वाटते, अहिल्याबाईंना नमस्कार करताना खासगीबरोबर दौलतीची वहीही उघडावी. पुण्य पहिल्या वहीत लिहिले आहे, पण ते शक्य झाले दुसरी चोख असल्यामुळे.