सावलीतल्या वाफ्याचा रंगारी

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत एक कोपरा हमखास माळ्याला छळणारा असतो. डोक्यावर मेपल नाहीतर ओक, खाली दिवसभर सावली. तिथे गुलाब फुलत नाही, हिरवळही धरत नाही. पूर्वी नेचे आणि होस्टा लावून लोक मोकळे व्हायचे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र अशा कोपऱ्यांत जांभळी, तांबूस, पोपटी, रुपेरी पानं दिसू लागली आहेत. ही करामत कोरल बेल्स या बुटक्या झाडाची. त्याचं शास्त्रीय नाव ह्युकेरा.

गुडघ्याच्याही खाली राहणारा पानांचा झुबका, उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातून वर येणारे बारीक दांडे आणि त्या दांड्यांवर लोंबणाऱ्या इवल्या घंटांसारखी फुलं, असं याचं रूप. त्याच्या तीन-चार डझन जाती आहेत आणि साऱ्या उत्तर अमेरिकेतल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३च्या ग्रंथात यातल्या एका जातीची नोंद केली. नाव दिलं ते योहान फॉन ह्यूखर या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना हे झाड त्याआधीपासूनच ठाऊक होतं. त्याचं तुरट मूळ ते जखमांवर आणि अतिसारावर वापरत.

बागेत त्याला आधी जागा मिळाली ती फुलांमुळे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोच्या डोंगरकपारीतली ‘सँग्विनिया’ ही जात लालभडक फुलांची. तिच्या मधासाठी हमिंगबर्ड येतात. १८४८मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. पुढे फ्रान्समधल्या नॅन्सी गावी लेम्वान यांनी आणि विसाव्या शतकात इंग्लंडच्या ब्रेसिंगहॅममध्ये ॲलन ब्लूम यांनी संकर केले, तेही मुख्यतः फुलांसाठी.

पानांकडे लक्ष गेलं ते लंडनच्या क्यू उद्यानात. अमेरिकेतून आलेल्या बियाण्याच्या रोपांत १९८०च्या सुमारास गडद जांभळ्या पानांची रोपं निघाली. ‘पॅलेस पर्पल’ या नावाने ती बाजारात गेली आणि १९९१मध्ये अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने या वाणाला वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड ठरवलं. मागणी इतकी वाढली की रोपवाटिका बियांपासून रोपं करू लागल्या, आणि त्यातली कित्येक मळकट हिरवट निघाली. ह्युकेराचं बी आईच्या रंगाची हमी देत नाही. म्हणूनच आजच्या नावाजलेल्या वाणांची रोपं ऊतिसंवर्धनाने होतात.

त्यानंतर ओरेगनच्या टेरा नोव्हा नर्सरीने ‘ऑब्सिडियन’, ‘लाइम रिकी’, ‘मार्मालेड’ असे वाण आणले. फ्रान्समध्ये थिएरी दलाब्रोय यांनी ‘कॅरॅमेल’ आणि ‘सिट्रोनेल’ दिले. रंगांची एवढी रेलचेल झाली, की गिऱ्हाईक पानाचा रंग बघून रोप उचलतं. फसगत होते ती इथेच. झाड तगेल की नाही, हे त्याच्या मूळ जातीवर ठरतं. कपारीतल्या ‘सँग्विनिया’ला पाण्याचा चोख निचरा लागतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलातली ‘अमेरिकाना’ पालापाचोळ्याच्या मातीत, झाडांखाली सुखाने राहते. आग्नेय भागातल्या डोंगरांतल्या ‘व्हिलोसा’ची पानं मोठी नि लवदार असतात आणि दमट उकाडा तिला सोसतो. डेलावेअरमधल्या माउंट क्यूबा सेंटरने २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षं ८३ वाण शेजारी शेजारी लावून पाहिले, तेव्हा सरस ठरलेल्यांत ‘व्हिलोसा’चं रक्त असलेले वाण ठळकपणे होते. ‘सिट्रोनेल’ त्यांतलाच.

सावलीतलं झाड म्हणजे अंधारातलं झाड नव्हे. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर सावली, ही याची आवडती जागा. पोपटी आणि फिकट पिवळी पानं कडक उन्हात करपतात. गडद जांभळी थोडं जास्त ऊन सोसतात, किंबहुना दाट सावलीत त्यांचा रंग हिरवटाकडे झुकतो.

लावणीत सगळं लक्ष बुडख्याकडे हवं. जिथून वर पानं आणि खाली मुळं फुटतात, तो हा जाडसर भाग मातीच्या पातळीला असावा. तो खोल गाडला किंवा त्यावर आच्छादनाचा ढीग घातला, की कुजतो. भारी चिकण मातीत भरपूर कंपोस्ट मिसळावं, नाहीतर वाफाच उंच करावा. दोन रोपांत फूटभर अंतर पुरे. पहिल्या वर्षी माती वाळू देऊ नये. रोप रुजल्यावर आठवड्यातून एकदा, पण मुळांपर्यंत पोहोचेल असं पाणी द्यावं. मोठ्या झाडाखाली त्याची मुळं पाणी पळवतात, तिथे हात थोडा सैल सोडावा. खत मात्र बेतानेच.

थंड प्रदेशात हिवाळ्यात वेगळाच पेच येतो. माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते. या फुगण्या-आकसण्यात उथळ मुळांचं रोप वर ढकललं जातं. वसंतात ते उपटून बुडखा पुन्हा पातळीला येईल असं लावावं. जुनी पानं शरद ऋतूत कापू नयेत, हिवाळाभर ती बुडख्याचं पांघरूण असतात. दर तीन-चार वर्षांनी झुबका मधून उघडा पडतो आणि खोड लांबट होतं. तेव्हा तो खणून, फुटवे वेगळे करून लावले की झाड पुन्हा तरुण होतं.

खरा शत्रू म्हणजे व्हाइन वीव्हिल हा काळा सोंडकिडा, विशेषतः इंग्लंडमध्ये आणि कुंडीत. तो रात्री पानांच्या कडा कुरतडतो, त्याच्या पांढऱ्या अळ्या मुळं फस्त करतात. बाहेरून टवटवीत दिसणारं रोप हलकेच ओढलं तर हातात येतं. उन्हाळ्याच्या अखेरीस मातीत मित्र सूत्रकृमी सोडले तर अळ्या आटोक्यात येतात. मुळं गेलेलं रोपही टाकून देऊ नये. अळ्या काढून बुडखा ताज्या मातीत लावला तर बहुधा पुन्हा मुळं धरतो. पानांखाली तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. तेवढी पानं काढून नष्ट करावीत आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावं.

न्यू जर्सी किंवा लंडनच्या उपनगरांत घर केलेल्या मराठी कुटुंबांना हे झाड कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत सहज मिळेल, आणि उन्हाळा दमट असेल तिथे ‘व्हिलोसा’चा वंशज मागून घ्यावा. महाराष्ट्रात मात्र हा हट्ट करू नये. त्याला थंडीची विश्रांती लागते, आणि कोकणातला पाऊस त्याचा बुडखा टिकू देणार नाही. मुंबई-पुण्याच्या सावलीतल्या गॅलरीत रंगीत पानांची हौस कोलियस, कॅलॅडियम आणि रेक्स बेगोनिया कमी खर्चात नि कमी मनस्तापात भागवतात.